‘वारस’ या शब्दाचा अर्थ

सातारा आणि झाशी ही संस्थाने कंपनी सरकारने खालसा केली ती तोफांनी नव्हे. ‘वारस’ या एका शब्दाचा अर्थ बदलून. १८१९ च्या तहाने साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज व १८१७ च्या तहाने झाशीचे रामचंद्रराव यांचे राज्य त्यांच्या वारसांसह मान्य झाले होते. धर्मशास्त्राप्रमाणे विधिपूर्वक घेतलेला दत्तक हा वारसच होय.

एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजी महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता व मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी त्याचा पक्ष उचलून धरला. परंतु गव्हर्नर जनरल डलहौसी यांचा निर्णय निराळा होता : दत्तकास खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून नाही. आणि ती संमती द्यावयाची कोणी? ज्यांना राज्य हवे होते त्यांनीच!

झाशीचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्याच दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दत्तविधान झाले होते. तरीही १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. त्याच वर्षी नागपूरही.

१८५७ च्या उठावाने सरकारचे डोळे उघडले. १८६२ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आदी संस्थानांस दत्तकाच्या सनदा मिळाल्या. जो हक्क होता, तो कृपा म्हणून परत आला. पुढे १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी सरकारच्या संमतीने दत्तक घेतलेल्या सयाजीरावांनीच बडोदे राज्यात गावोगावी मोफत वाचनालये उभारली. दत्तकाचा वारसा कोठवर पोहोचतो, याचे याहून बोलके उत्तर कोणते?