ठाणावरच्या रबरी मॅटची कुळकथा

बारामती आणि इंदापूर हे तालुके घोड्यांच्या मुलखात मोडतात, तरीही तबेल्यात अंथरण्याची जाड, काळी रबरी मॅट या भागात रुजली ती घोड्यांमुळे नव्हे, तर गाईंमुळे. भीमेच्या काठचा हा प्रदेश भीमथडी या नावाने ओळखला जाई. इंग्रजी अमदानीत त्याच नावाचा तालुका होता आणि बारामती त्यातच येत असे. सुपे आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि मराठी फौजेची भिस्त ज्या लहानखुऱ्या, काटक तट्टांवर होती त्यांना याच टापूचे नाव मिळाले. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती मात्र अगदी अलीकडे.

या घोड्यांच्या पायाखाली अंथरण्याचा प्रश्न जुन्या काळी फारसा उद्भवला नाही, याला कारण हवामान आणि वहिवाट. पागेत प्रत्येक जनावराचे ठाण, म्हणजे बांधण्याची ठरलेली जागा असे. तेथे पुढच्या अंगाने आगाडी आणि मागच्या पायांना पिछाडी अशा दोरांनी मेखांना घोडा बांधला जाई, आणि खाली चोपलेला मुरूम, म्हणजे झिजलेल्या काळ्या खडकाचा भुगा, किंवा नुसती माती असे. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, लीद उचली आणि मूत मुरून ओली झालेली माती खणून तेथे कोरडी भरी. हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा असल्यामुळे जमीन वर्षाचा बराच काळ कोरडी राही, शिवाय दिवसभर चालणाऱ्या जनावराला ठाणावर उभे राहण्याचे तास थोडेच मिळत. मेंढरांमागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या धनगरांच्या घोड्यांना तर पक्के ठाणही नव्हते, आजही नसते.

ओलसर आणि निसरडी जमीन चांगल्या खुराचाही नाश करते, हे ग्रीक लेखक झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले होते. जमिनीला उतार द्यावा आणि खुराएवढे दगड एकमेकांना भिडवून बसवावेत, हा त्याने सांगितलेला उपाय. उतार आणि निचरा यांबाबत त्याच्यापुढे आजही कोणी फारसे गेलेले नाही.

बदल घडला तो पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागला, उसामागोमाग वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, आणि हिरवा चारा आला, आणि 1967 साली उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी स्थापलेल्या बाएफसारख्या संस्थांनी संकरित गाईंचा प्रसार केल्यावर दुधाचा धंदा उभा राहिला. या जड गाई सिमेंटच्या कोब्यावर बांधल्या गेल्या. कोबा धुवायला सोपा, पण त्यावर बसता-उठता गुडघे आणि ढोपरे सोलवटतात आणि खुरे दुखावतात. मुरमाने कधी न केलेली ही दुखापत सिमेंटने केली, आणि तिच्यावरचा इलाज म्हणून मॅट आली. ज्या रबराची ती बनते ते टिकाऊ झाले गंधक मिसळून तापवण्याच्या कृतीमुळे, जिचे पेटंट चार्ल्स गुडइयरने 1844 मध्ये घेतले. हवा भरलेल्या टायरचे पेटंट 1888 मध्ये घेणारा जॉन बॉइड डनलॉप हा व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे, कारण त्या टायरांच्याच भुग्यापासून आज स्वस्त मॅट बनतात.

गोठ्यातील मॅट तबेल्यात जशीच्या तशी चालत नाही. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. शिवाय लोखंडी नालाची कड, विशेषतः घोडा पाय आपटू लागला की, गोठ्यात चालणाऱ्या मऊ आणि हलक्या ईव्हीए फोमच्या मॅटला लवकर फाडते. म्हणून सुमारे पाऊण इंच जाडीची भरीव रबरी मॅटच घ्यावी. चार बाय सहा फुटांची अशी मॅट साधारण 45 किलो भरते, आणि हे वजनच तिला जागेवरून सरकू देत नाही. त्याच मापाची मॅट फार हलकी लागली, तर ती पातळ किंवा पोकळ असण्याचा संभव असतो. वजन पुरते भरूनही कोपरा दुमडताच भेगा दिसल्या, तर रबरात खडूची भुकटी जास्त आहे असे समजावे. अशी मॅट घेताना स्वस्त पडते, पण लवकर बदलावी लागते. कारखान्यातून उतरलेला कन्व्हेयरचा जुना पट्टा त्याहून स्वस्त पडत असला, तरी त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि ओला झाला की नाल घसरते.

खर्चाचा मोठा भाग मात्र मॅटीखाली वाचवता येतो. त्यासाठी सिमेंट ओतण्याची सक्ती नाही. पाणी मारून, धुम्मस करून घट्ट केलेला आणि थोडा उतार दिलेला मुरूम, जो या भागात सहज मिळतो, तोच पाया म्हणून पुरतो. सांधे घट्ट बसवले नाहीत तर मूत खाली साचते आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो, म्हणून अधूनमधून मॅट उचलून खालची जागा वाळवावीच लागते. मॅट घेतली म्हणजे बिछायत सुटली, हा समजही खरा नाही. पाचट किंवा लाकडाचा भुसा मूत शोषण्यासाठी लागतोच, फक्त त्याचा थर पातळ चालतो.