म्हातारा पाऊस आणि आकाशातली गव्हाण

जुलैच्या वीस तारखेच्या आसपास सूर्य पुष्य नक्षत्रात शिरतो आणि किनवटकडच्या कापसा-सोयाबीनवर म्हातारा पाऊस सुरू होतो. आधीचा पुनर्वसूचा, तो तरणा. पाऊस कसा पडेल हे ताडायला यंदा त्याचं वाहन बेडूक की म्हैस, तेही पंचांगात बघितलं जातं. पण ज्याच्या नावाचा हा पाऊस, ते पुष्य तेव्हा ढग नसले तरी दिसणार नाही. सूर्यच त्याच्या अंगावर आलेला असतो.

ते बघायचं महाशिवरात्रीच्या सुमारास, रात्री दहा-साडेदहाला. किनवटचे अक्षांश साडेएकोणीसच्या किंचित वर, पुष्याची क्रांतीही (म्हणजे आकाशातले अक्षांश) जवळपास तेवढीच, त्यामुळे इथे ते थेट डोक्यावर येतं. दोन मंद तारे आणि मध्ये पिठाची चिमूट सांडावी तसा धूसर ठिपका.

तो शोधला कुणी, असं विचारण्यात अर्थ नाही. अंधारात मान वर करणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता. ग्रीक कवी अराटस इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याला गव्हाण म्हणतो, बाजूचे दोन तारे म्हणजे तिथली गाढवं. (पंचांगाच्या नऊ वाहनांतही गाढव आहे, पण तो योगायोग.) आभाळ निरभ्र असूनही गव्हाण दिसेनाशी झाली, तर वादळ येणार, असं त्याचं सांगणं. त्यात तथ्य आहे. उंचावरचे विरळ ढग ठळक ताऱ्यांना झाकत नाहीत, हा फिकट ठिपका मात्र पुसून टाकतात. वाहनापेक्षा मला हा आडाखा जास्त पटतो, पण आपल्या पावसाळ्यात तो वापरणार कसा? गव्हाणच गायब!

ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसलाही तो लहानसा ढगच वाटला. 1610 साली गॅलिलिओने दुर्बिणीतून त्यात चाळीसहून अधिक तारे पाहिल्याचं छापलं, तेव्हा ढगाचा पुंजका झाला. 1769 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएने त्याला आपल्या यादीत 44वा क्रमांक दिला. यादी धूमकेतू भासून फसवणाऱ्या ठिपक्यांची. याला कोण फसणार होतं, देव जाणे.

आजच्या हिशेबाने तो सुमारे 600 प्रकाशवर्षं दूर आहे. हजारेक तारे, सगळे साठ-सत्तर कोटी वर्षांपूर्वी एकाच वायुमेघातून जन्मलेले. पसारा पूर्णचंद्राच्या तिप्पट रुंद, म्हणून मोठ्या दुर्बिणीत तो मावत नाही. साधी द्विनेत्री पुरते.