चहाचा पेला आणि चव्हाटा

घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये, हे वाक्य लहानपणी ज्याच्या कानांवरून गेले नाही असा श्रोता या सभेत विरळाच असेल. आम्हीही ते पुष्कळदा ऐकले आहे, आणि वेळप्रसंगी दुसऱ्यांस ऐकविलेही आहे. आज घरोघरी तक्रार उलट आहे. नातवाच्या बारशापासून सुनेच्या रुसव्यापर्यंत सारे मोबाइलच्या पडद्यावर जाते, पूर्वी असे नव्हते, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. हे 'पूर्वी असे नव्हते' इतिहासाच्या वाचकाला सहजी मान्य करता येत नाही. चव्हाटा होताच. त्यावर कोणी कोणास नेऊन उभे करावे आणि त्याचे मोल कोणी भरावे, एवढेच पाहण्यासारखे आहे. त्यासाठी आपण गेल्या शतकाच्याही मागे, आगगाडी आणि छापखाना नुकते अंगवळणी पडलेल्या महाराष्ट्रात जाऊ.

गोपाळराव जोशी हे त्या काळचे एक विलक्षण गृहस्थ. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास. १८७८ मध्ये त्यांनी एका अमेरिकन मिशनरी गृहस्थांस पत्र लिहून आपल्या घरची सारी परिस्थिती कळविली आणि साहाय्य मागितले. त्या गृहस्थांनी ते पत्र आपल्या उत्तरासह तिकडील एका मिशनरी मासिकात छापून टाकले. उत्तरात ख्रिस्ती होण्याचा उपदेश होता. मासिकाचा तो अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती आला, तोही दंतवैद्याच्या दारी खोळंबून बसल्या असता. त्यांनी आपण होऊन पत्र धाडले, स्नेह जुळला, आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. खासगी पत्र छापले गेल्याने असे इष्ट फळ क्वचितच लाभले असेल. पुढल्याच वर्षी आनंदीबाई निवर्तल्या. मागाहून काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यांची पत्रे छापली गेली, आणि पतीच्या हातून लहान वयात सोसलेल्या माराची आठवणही त्यांतून जगापुढे आली. ज्या घराची कथा गोपाळरावांनी सातासमुद्रांपार धाडली होती, त्याच घराची ही दुसरी बाजू. ती आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिली होती, आपल्याला नव्हे. हे ती पत्रे वाचताना आम्हांस विसरता येत नाही.

याच गोपाळरावांनी १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमविली. निमित्त व्याख्यानाचे. व्याख्यान आटोपल्यावर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती धरून भिडेखातर बसून राहिले, कोणी तो बाजूस सारला. न्यायमूर्ती रानडे तेथे होते, टिळकही होते. काही दिवसांनी 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची यादी नावानिशी प्रसिद्ध झाली! सुधारकांचे बोलणे आणि वागणे यांतले अंतर जगास दाखविण्याची गोपाळरावांना मोठी हौस होती, ती अशी फिटली.

आज एका चहाच्या घोटाचे हे महाभारत ऐकून हसू येते. परंतु ज्यांची नावे छापली त्यांस हसू आले नसावे. बहिष्कार म्हणजे घरच्या श्राद्धाला भटजी न मिळणे, मुलीच्या लग्नाची चिंता, सासरी गेलेल्या लेकीला माहेरची वाट बंद होणे. पेला पुरुषांनी हाती धरला, त्याचा जाच माजघराने सोसला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, १८९२ मध्ये शास्त्र्यांपुढे चौकशी झाली. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारक मंडळीत त्याबद्दल त्यांना दूषणे ऐकावी लागली. म्हणजे चहा घेतला म्हणून सनातनी रागावले, प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारक!

याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजून गेला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदायला जाईना, म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये कोर्ट गाठले. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्रे आली, त्यांखाली 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही होती. नाव झाकून बोलण्याची ही सोय पुढे राहिली नाही. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. दादाजींनी आपली कैफियत छापून काढली, तेव्हा रखमाबाईंनीही छापूनच उत्तर दिले. दुसऱ्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या पुढे विलायतेत डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

आता रमाबाई रानडे यांच्याकडे वळू. त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आले. न्यायमूर्तींना जाऊन तेव्हा नऊ वर्षे लोटली होती. बायको शिकते म्हणून घरातल्या बायकांनी केलेला छळ, न्यायमूर्तींच्या सवयी, त्यांचे दुखणे, आणि ते पंचहौद प्रकरणही त्यात आहे. प्रायश्चित्त घेणे आपल्याला रुचले नव्हते, हे त्या लपवीत नाहीत. पतीच्या पश्चात त्याच्याविषयीचा मतभेद लिहिणे त्या पिढीतल्या विधवेला सोपे नव्हते. आणि एवढे सारे सांगणारी ही बाई नवऱ्याचे नाव घेत नाही! 'स्वतः' एवढा शब्द तिला पुरतो. १९३८ साली झालेल्या इंग्रजी भाषांतराचे नावही त्याच शब्दावरून ठेवले गेले. आमच्या आजीही असेच काही सर्वनाम योजून दिवस काढीत, उखाण्यापुरते मात्र नाव येई.

आम्हांस या एका शब्दाचे फार अप्रूप वाटते. रमाबाईंनी घराचे दार उघडले, पण कोणते उघडायचे आणि कोणते लोटून ठेवायचे, हे त्यांनीच ठरविले. पंचहौदच्या यादीतल्या मंडळींना ती मुभा नव्हती, आनंदीबाईंना तर मुळीच नव्हती. आज बाळसे न धरलेल्या मुलाचे छायाचित्र सहस्रावधी अनोळखी लोकांपुढे ठेवताना आपण रमाबाईंचे अनुकरण करतो की गोपाळरावांचे, हे ज्याचे त्याने पाहावे. गोपाळरावांकडे निदान एक विचार होता. बहिष्काराने घायाळ झालेल्यांना तो पटला असेल असे मात्र वाटत नाही. त्यांच्यातले कित्येक जण पुढे पुष्कळ दिवस कोणाच्या घरी पेला हाती घेण्यापूर्वी आजूबाजूस पाहत असतील.