खाच जुळली, जोडी चुकली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९७ सालच्या नवरात्रातली गोष्ट. पुण्यात माझा डीटीपीचा छोटासा व्यवसाय होता आणि एका दिवाळी अंकाची अक्षरजुळणी माझ्याकडे आली होती. माझ्या पेन्टियम संगणकात मेमरी होती १६ एमबी. चित्र असलेलं पान उघडलं, की तो जागीच थिजायचा. शेवटी अंकाच्या आगाऊ रकमेतले पैसे घेऊन मी मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठला आणि १६ एमबीची एक पट्टी मागितली. दुकानदार म्हणाला, "साहेब, जोडी लागेल." मला वाटलं, हा एकाऐवजी दोन नग गळ्यात मारतोय. मी हट्टानं एकच घेतली.

रात्री पट्टी बसवली. खट्‌कन बसली! संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर मेमरीची मोजणी सुरू झाली आणि होती तिथेच, सोळावर थांबली. अंकाची सत्तर पानं बाकी होती आणि इसाराचे पैसे त्या पट्टीत अडकले होते.

दुकानदार खरं बोलत होता, हे कळायला मला मेमरीच्या इतिहासात थोडं मागं जावं लागलं.

आज आपण जिला रॅम म्हणतो, तिच्या मुळाशी आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना आहे. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर, एवढ्यात एक बिट. १९६८ साली त्यांना पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. तिच्यात मावत होते १०२४ बिट! पुढे घरगुती संगणक आले, तेव्हा मेमरी वाढवायची म्हणजे सुट्या चिपा एकेक करून बसवायच्या. एखादा पाय वाकला, की बसा शोधत.

त्यावर उपाय म्हणून चिपा एका पट्टीवर जोडून मिळू लागल्या. ३० पिनांची पट्टी एका वेळी ८ बिट द्यायची. ४८६ संगणकाला एकदम ३२ बिट लागत, म्हणून अशा चार पट्ट्या एकत्र बसवाव्या लागत. मग ७२ पिनांची पट्टी आली, ती ३२ बिटांची. पण पेन्टियम एका वेळी ६४ बिट मागायचा. म्हणून दोन पट्ट्या, आणि त्याही सारख्या! माझी एकटी पट्टी स्लॉटमध्ये नीट बसली होती, पण संगणकाच्या लेखी ती नव्हतीच.

१६८ पिनांच्या पट्टीनं ६४ बिट एकटीनं द्यायला सुरुवात केली आणि जोडीची सक्ती संपली. या पट्ट्यांची मापं जेडेक ही संस्था ठरवते. त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे पट्टीच्या कडेची खाच. डीडीआर२ आणि डीडीआर३, दोन्हींना पिना २४०च; पण एकीला लागतात १.८ व्होल्ट आणि दुसरीला १.५. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना पिना २८८. व्होल्ट मात्र १.२ आणि १.१. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून प्रत्येक पिढीत खाचेची जागा सरकवली. तेव्हा पट्टी बसत नसेल, तर जोर लावू नका.

पण दिसतं तसं नसतं. खाच पिढी सांगते, बाकीचं सांगत नाही. डीडीआर४ मधली सर्व्हरची 'रजिस्टर्ड' पट्टी घरच्या संगणकाच्या स्लॉटमध्ये बसते, पण तिथं चालत नाही. मदरबोर्डला किती जीबी झेपतात, हेही खाचेवर लिहिलेलं नसतं. पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये तिचा वेग नोंदलेला असतो आणि संगणक सुरू होताना तो वाचून घेतो. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असले, तर औताला जुंपलेल्या बैलांसारखं होतं. दोघं मंद बैलाच्या चालीनं चालतात. आणि आताच्या कित्येक लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच डाखलेली असते, ती वाढवता येत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी मदरबोर्डचं माहितीपुस्तक उघडावं. पिढी, प्रकार, कमाल क्षमता आणि रिकामे स्लॉट पाहावेत.

दसरा झाल्यावर मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो, जरा खालमानेनंच. दुकानदारानं काही न बोलता १६ची पट्टी परत घेतली आणि ८-८च्या दोन दिल्या. त्या रात्री मोजणी बत्तीसपर्यंत गेली. अंक ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा, वसुबारसेला बाजारात आला. संपादक काही दिवस माझ्याशी बोलत नव्हते. त्यानंतर आजपर्यंत, दुकानदार "जोडी लागेल" म्हणाला, की मी आधी "का?" एवढंच विचारतो.