काचेच्या भिंतींतील समुद्र



प्रवाळ हे दगड नव्हेत, वनस्पतीही नव्हेत. ते प्राणी आहेत. त्यांना समुद्रापासून दूर, माणसाच्या घरात जगवावे ही हौस दीडशेहून अधिक वर्षांची आहे. तिचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. माणसाची दृष्टी जोवर केवळ त्या सुंदर जिवावर होती, तोवर तो जीव फार काळ टिकत नसे. ती दृष्टी पाण्याकडे वळली, तेव्हा यशाची वाट सापडू लागली.

१८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाई टॉर्की या किनाऱ्यावरील गावी गेल्या होत्या. तेथील खडकांवर त्यांना पेल्याच्या आकाराचे लहान प्रवाळ दिसले. वाटेत ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते स्पंजावर शिवले आणि बरणीतून लंडनला नेले. समुद्राचे पाणी रोज कोठून आणणार? म्हणून उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत राहण्याचे काम त्यांनी आपल्या मोलकरणीला दिले. हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळावा हा त्यातील हेतू. त्या मत्स्यालयाचा पंप म्हणजे त्या मोलकरणीचे दोन हात होते! पुढे बाईंनी त्या पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या आणि हातांचे कष्ट कमी झाले.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देत आणि गोगलगायी कुजकी पाने खाऊन टाकीत. हा प्रयोग त्याने १८५० साली प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्येच रद्द होऊन काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा या विषयावरील ग्रंथ निघाला. मग काय विचारता! दिवाणखान्यात समुद्र मांडण्याचे वेडच त्या देशात पसरले आणि लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यांवर उतरले. खडकांतील जी डबकी गॉसने प्रेमाने वर्णिली होती, ती या प्रेमाच्या पुरातच ओस पडली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या नाशाची खंत नोंदविली आहे.

उष्ण समुद्रातील, बेटे व भिंती रचणारे प्रवाळ मात्र पुढेही दीर्घकाळ घरात तगत नसत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती उजेडात अन्न तयार करून यजमानाला देतात. म्हणजे प्रखर प्रकाश हवा, आणि पाणी अत्यंत निर्मळ हवे. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली साधी रीत प्रसिद्ध केली. समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे मंद बुडबुडे आणि जीवजंतूंनी भरलेले खडक, एवढीच त्यांची सामग्री. त्या खडकांच्या पृष्ठभागावरील जिवाणू माशांच्या मलातील विषारी अमोनियाचे रूपांतर कमी घातक द्रव्यांत करतात. आतल्या प्राणवायूहीन भागांतील जिवाणू त्याचा शेवटी नत्रवायू करून सोडतात. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी या जिवंत खडकांना तेजस्वी दिव्यांची आणि स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील मळ वर काढणारे यंत्र. हीच ‘बर्लिन पद्धत’ होय.

आज मोठे मत्स्यालय उभारणाऱ्याने हा इतिहास ध्यानी धरून आधी पायाचा विचार करावा. दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व सत्तर सेंटिमीटर खोल पेटीत सुमारे १,०५० लिटर पाणी मावते. त्याचेच वजन एक टनाहून अधिक. काच व खडक निराळे. तेव्हा जमीन हे ओझे पेलील काय, हे जाणकाराला विचारल्यावाचून काच विकत घेऊ नये. मुख्य पेटीखाली दुसरी टाकी ठेवून स्किमर व तापक तीत बसवितात. वीज गेली की वरचे काही पाणी खाली उतरते. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी असावी, नाहीतर घरात पूर येईल! पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे. क्षार हजारी सुमारे पस्तीस भाग आणि उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास राखावी. पाण्याचा साठा मोठा असला की हे बदल सावकाश होतात, हाच मोठ्या पेटीचा खरा लाभ. पेटी भरल्यावर काही आठवडे जिवाणूंना वाढू द्यावे आणि मगच प्रवाळ आणावेत.

परंतु आणावेत कोठून? गुलाबाचे कलम करतात, तसा प्रवाळाचा तुकडा तोडून नवा प्रवाळ वाढविता येतो. बर्लिनच्या दीत्रिश श्ट्यूबर यांनी आपल्या पेटीत वाढलेल्या प्रवाळांचे तुकडे इतर हौशी लोकांना वाटले. समुद्राला हात न लावता समुद्र वाढविण्याची ही रीत आहे. आपल्याकडे मालवणजवळ आणि गोव्याच्या ग्रांद बेटापाशी प्रवाळ आहेत. परंतु २००१ सालापासून भारतीय कायद्याने प्रवाळभिंती रचणाऱ्या जातींना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे. ते काढणे वा बाळगणे हा गुन्हा आहे आणि तो योग्यच आहे. आपल्या हौशी माणसाने मासे, खडक व पाणी यांवरच संतोष मानावा.

गॉसच्या काळच्या लोकांचे समुद्रावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? प्रेम होते, मर्यादा नव्हती. काचेच्या पेटीत पाण्याचा तोल सांभाळणाऱ्याने पेटीबाहेरच्या समुद्राचा तोलही सांभाळावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.