जॉन फोर्ड यांचे वेस्टर्न चित्रपट आणि मूळ अमेरिकनांची साचेबद्ध प्रतिमा (१९३९ ते १९६४)

१८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकेच्या पश्चिमेकडील वसाहतीची सरहद्द संपुष्टात आल्याचे शासकीय पातळीवर नमूद झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वूंडेड नी येथे लष्कराने लाकोटा जमातीच्या स्त्री-पुरुषांची व मुलांची कत्तल केली. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९०३ मध्ये, 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा चित्रपट निघाला. इतिहासाची जखम ओली असतानाच त्याचे मनोरंजनात रूपांतर होऊ लागले होते. एकाकी बंदूकधारी नायक, असुरक्षित वस्ती आणि टेकडीवर अचानक प्रकट होणारे 'रेड इंडियन' हा वेस्टर्न चित्रपटाचा साचा पुढे रूढ झाला. हा साचा दृढ करणारा आणि नंतर त्यावर घाव घालणारा दिग्दर्शक एकच होता, तो म्हणजे जॉन फोर्ड. मात्र हे घाव साच्याच्या एकाच बाजूवर पडले, असे त्यांचे चित्रपट क्रमाने पाहिल्यास दिसून येते.

'स्टेजकोच' (१९३९) मध्ये प्रतिष्ठितांनी गावाबाहेर काढलेली डॅलस ही वेश्या सहृदय ठरते, बँकमालक चोर निघतो आणि फरारी कैदी नायक होतो. गोऱ्या समाजाविषयीचे संकेत फोर्ड यांनी येथेच उलटवले. पाठलाग करणाऱ्या अपाचींना मात्र स्वतंत्र व्यक्तिमत्त्व नाही. ते वादळासारखे येतात आणि गोळ्या खाऊन पडतात. 'फोर्ट अपाची' (१९४८) मध्ये अपाचींचा नेता कोचीस वचनाला जागणारा आहे, तर वचनभंग करून स्वतःच्या तुकडीचा नाश ओढवणारा कर्नल थर्सडे हा गोरा अधिकारी आहे. तरीही अखेरीस कॅप्टन यॉर्क वार्ताहरांसमोर त्याच्या शौर्याची खोटी कथा कायम ठेवतो. १८७६ च्या लिटल बिगहॉर्न येथील पराभवानंतर कस्टरची जी दंतकथा झाली, तिचे स्मरण येथे अपरिहार्य आहे.

'द सर्चर्स' (१९५६) ची गुंतागुंत याहून अधिक आहे. जॉन वेन यांनी साकारलेला ईथन एडवर्ड्स हा नायक द्वेषाने पछाडलेला आहे. तो मृत कोमांचीच्या डोळ्यांत गोळ्या झाडतो आणि पळवून नेलेली पुतणी डेबी कोमांचींमध्ये वाढली म्हणून तिलाच ठार मारू पाहतो. तोपर्यंतच्या नायकप्रतिमेला वेन यांच्याच चेहऱ्याने दिलेला हा तडा होता. परंतु डेबीचे काय? कोमांची हेच आपले लोक आहेत, असे ती आधी सांगते. पुढे सुटकेची वेळ येताच, कोणतेही कारण न देता, परतण्यास तयार होते.

या कथेमागे सिंथिया अ‍ॅन पार्कर हिचा इतिहास असल्याचे मानले जाते. १८३६ मध्ये टेक्सासमधील फोर्ट पार्कर येथून कोमांचींनी तिला नेले, तेव्हा ती सुमारे नऊ वर्षांची होती. १८६० मध्ये टेक्सास रेंजर्सनी तिला 'सोडवले'. तोवर ती पेटा नोकोनाची पत्नी आणि क्वानाहची आई झाली होती. गोऱ्या नातलगांकडून तिने वारंवार पळून जाण्याचा प्रयत्न केला. चित्रपटातील भावपूर्ण गृहागमन म्हणजे प्रत्यक्षात तिच्यासाठी दुसरे अपहरण होते. हे दाखवले असते, तर ईथनचा शोधच निरर्थक ठरला असता. साचा तेवढे सोसू शकत नव्हता.

कोमांची प्रमुख स्कारची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांनी केली, ही बाबही येथे नोंदवण्याजोगी आहे. त्याच्या टोळीतील योद्धे मात्र मॉन्युमेंट व्हॅली परिसरातील नवाहो होते.

'शायान ऑटम' (१९६४) मध्ये फोर्ड यांनी १८७८ मधील शायान जमातीचा मायभूमीकडील प्रवास सहानुभूतीने मांडला. भुकेने व थंडीने गांजलेले हे लोक कथेच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांच्या प्रमुखांच्या भूमिका मात्र रिकार्दो मोंताल्बान आणि गिल्बर्ट रोलंड या मेक्सिकोत जन्मलेल्या नटांकडे होत्या. जमावातील नवाहो पडद्यावर शायान म्हणून वावरले आणि बोलले ते स्वतःच्या नवाहो भाषेत.