नोंगरियाटचे झुलते पूल

नोंगरियाट : मेघालयाच्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात, सोहरा (चेरापुंजी) पठाराच्या दक्षिण कड्याखालील दरीत वसलेले खासी खेडे. मोटाररस्ता वर टिर्ना गावी संपतो. तेथून तीन हजारांहून अधिक पायऱ्यांची वाट असून, वाटेत पोलादी तारदोरांचे अरुंद झुलते पूल ओलांडावे लागतात. गावाची ख्याती मात्र उमशियांग ओढ्यावरील दुमजली मूळपुलामुळे, म्हणजे झाडाच्या जिवंत मुळांच्या पुलामुळे, आहे. मूळपूल म्हणजे अस्सल परंपरा आणि तारेचा पूल म्हणजे उपरा, फार तर वाटेवरचा थरार, असे पर्यटक सहज धरून चालतात. ही विभागणी दरीच्या भूगोलाशी जुळत नाही.

चेरापुंजीत ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिमी. पाऊस नोंदला गेला. पठारावरचे पाणी तीव्र उतारावरून झपाट्याने खाली येते आणि धोंडे लोटत नेते. अशा पात्रात खांब टिकणे कठीण, बांबूचा साकवही दमट हवेत लवकर कुजतो. तेव्हा पाण्याला न शिवता, दोन्ही काठांना धरूनच पलीकडे जावे लागते. पोखरलेल्या सुपारीच्या खोडांतून रबराच्या झाडाची (फायकस इलॅस्टिका) मुळे पलीकडच्या काठात रुजवणे आणि काठाशी तारदोर जखडून त्यांवर पायवाट विणणे, हे दोन्ही त्याच गरजेतून आलेले उपाय आहेत.

तार गंजते, मूळ मात्र वयाबरोबर बळकट होते, हा आक्षेप रास्तच आहे. दुरुस्तीचा खर्च धरला तर मूळपूल स्वस्तही ठरतो. पण मुळांना माणसाचा भार पेलण्याजोगे व्हायला पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. सुपारी नि तेजपात्याचे ओझे पाठीवर घेऊन निघालेल्याची नड त्याच दिवसाची असते. तारेमुळे जुनी कला मरते, हा दुसरा आक्षेप त्या मानाने लटका वाटतो. नोंगरियाटच्या पुढे मावसॉ येथे मुळे आणि तारा एकाच पुलात गुंफलेल्या आहेत. जुन्या कसबात नवे साहित्य मिसळण्यात तिथल्या माणसांना काही वावगे वाटलेले दिसत नाही.

पावसाळ्यात पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात; पाऊस ओसरल्यानंतरचे कोरडे महिने भेटीला सोयीचे. मेघालयातील मूळपुलांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. टिर्नाहून गावात जाणारे तांदळाचे पोते मात्र आजही तारेच्या पुलांवरून, माणसाच्या पाठीवर जाते.